दुसरी आज्ञा आणि साताऱ्याचा जाहीरनामा

११ फेब्रुवारी १८१८. आदल्याच दिवशी अजिंक्यतारा जनरल स्मिथच्या फौजेच्या हाती पडला होता. दुसरा बाजीराव मात्र अजून मोकळा होता आणि आष्टीची लढाई व्हायला नऊ दिवस अवकाश होता. अशा अनिश्चित वेळी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साताऱ्याहून एक जाहीरनामा काढला. बाजीरावाची साथ दोन महिन्यांच्या आत न सोडणाऱ्या जहागीरदारांच्या जमिनी जातील, ही त्यातील धमकी इतिहासाच्या पुस्तकांत नेहमी येते. त्याच कागदातील एका वचनाकडे मात्र सहसा कोणी थांबून पाहत नाही. वतने, इनामे आणि वर्षासने चालू राहतील, देवस्थाने व धर्मादाय संस्था यांना संरक्षण मिळेल, सर्व पंथांना मोकळीक असेल आणि त्यांचे रीतिरिवाज न्याय्य व वाजवी असतील तोवर पाळले जातील, असे ते वचन होते.

वचन देणारी सत्ता ख्रिस्ती होती. ज्यांच्या देवळांना अभय मिळत होते, ते देव पाषाणाचे आणि पंचधातूचे होते. त्या सत्तेच्या धर्मग्रंथात अशा देवांविषयी काय लिहिले आहे आणि त्यांना आश्रय देणाऱ्या राजांचे काय झाले असे तो ग्रंथ सांगतो, हे ठाऊक असल्याशिवाय पुढच्या पन्नास वर्षांतला एक विलक्षण वाद समजत नाही. म्हणून या धाग्यात आधी थोडे दूर, यरुशलेमपर्यंत जाऊन यावे लागेल.

बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात मोशेला सिनाय पर्वतावर मिळालेल्या दहा आज्ञा आहेत. परमेश्वराखेरीज अन्य देव नकोत आणि कोणत्याही वस्तूची कोरीव मूर्ती करून तिच्यापुढे नमू नये, असा आरंभीच्या आज्ञांचा आशय आहे. प्रॉटेस्टंट परंपरा मूर्तिनिषेधाला स्वतंत्र, दुसरी आज्ञा मानते. कॅथलिक परंपरा तो पहिल्या आज्ञेतच धरते. महाराष्ट्रात आलेले अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी प्रॉटेस्टंट असल्याने त्यांच्या लेखनात ‘दुसरी आज्ञा’ हा शब्दप्रयोग येतो.

आज्ञा सर्वांसाठी होती, पण तिचा सर्वांत कठोर हिशेब राजांकडून घेतला गेला. बायबलमधील ‘राजे’ या दोन भागांच्या पुस्तकात इस्राएल आणि यहूदा या दोन राज्यांतील जवळजवळ प्रत्येक राजाच्या कारकिर्दीला एक शेरा मिळतो. राजाने किती मुलूख जिंकला, किती कर घेतला, किती तट बांधले, याला त्या शेऱ्यात फारसे स्थान नसते. त्याने परमेश्वराची एकनिष्ठ उपासना राखली की अन्य देवांना आणि मूर्तींना वाट दिली, हीच कसोटी असते. आपल्याकडच्या बखरींची ज्यांना सवय आहे त्यांना ही पद्धत फार परकी वाटू नये. बखरकारही निकाल आधी ठरवून मग हकीकत सांगतो.

या मालिकेतला कळीचा माणूस यराबाम. शलमोनाच्या मृत्यूनंतर इ. स. पू. दहाव्या शतकात राज्य दुभंगले आणि उत्तरेकडचे इस्राएल यराबामाकडे आले. मंदिर मात्र दक्षिणेत, यरुशलेमात राहिले. आपली रयत दरवर्षी यात्रेला शत्रूच्या राजधानीत जात राहिली तर तिचे मनही तिकडेच वळेल, ही त्याची भीती होती, आणि ग्रंथ ती स्पष्टपणे नोंदवतो. उपाय म्हणून त्याने बेथेल आणि दान येथे सोन्याची दोन वासरे स्थापन केली. हा निर्णय राजकीय होता. सीमेपलीकडचे तीर्थक्षेत्र टाळण्यासाठी आपल्या हद्दीत नवे उभारणे, ही युक्ती कोणत्याही देशातील राज्यकर्त्याला सुचू शकते. तथापि त्यानंतरच्या उत्तरेकडील राजांना दोष देताना ग्रंथकार पुन्हापुन्हा यराबामाच्याच पापाचे नाव घेतो. स्वतः चुकणे निराळे आणि सिंहासनावरून प्रजेला चुकीच्या वाटेला लावणे निराळे, हा भेद तेथे केंद्रस्थानी आहे.

अहाबाचे उदाहरण इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक मोहवते. त्याची राणी ईजबेल सीदोनची राजकन्या. तिच्यासोबत बाल या देवाची उपासना राजाश्रयाला आली. कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याने बालाच्या संदेष्ट्यांना दिलेले आव्हान प्रसिद्ध आहे. ग्रंथात अहाब हा अधम राजा आहे. पण अश्शूरचा सम्राट तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात इ. स. पू. ८५३ च्या कर्कर येथील लढाईची नोंद आहे आणि तेथे त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या राजांत अहाबाचे दोन हजार रथ व दहा हजार सैनिक मोजलेले आहेत. ‘राजे’ पुस्तकात या लढाईचा उल्लेखच नाही. एकाच माणसाविषयी दोन साधने, आणि दोघांना दिसलेला माणूस वेगवेगळा.

मनश्शे आणि योशीया यांची जोडी तर ग्रंथाच्या स्वतःच्या हिशेबालाच अवघड जाते. मनश्शेने मंदिरातच परक्या देवांच्या वेद्या बांधल्या, तरी तो ५५ वर्षे सुखाने राज्य करून गेला. योशीयाने इ. स. पू. ६२२ च्या सुमारास मूर्ती फोडल्या, वेद्या उद्ध्वस्त केल्या, आज्ञेचे अक्षरशः पालन केले, आणि इ. स. पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे मिसरच्या फारोकडून तो मारला गेला. पुढे यरुशलेम पडले ते इ. स. पू. ५८६ मध्ये. ग्रंथ त्याचा दोष मनश्शेच्या पापावर ठेवतो. योशीयाच्या पुण्याने तो टळला नाही असे सांगतो. राजाने मूर्तीला आश्रय दिला तर राज्य बुडते, हा सिद्धांत त्यामुळे सोडला गेला नाही. शिक्षा पिढी ओलांडून येते, एवढी भर त्यात पडली.

सामान्य प्रजा काय करत होती? सिनाय वाळवंटातील कुंतिलेत अजरूद येथे १९७० च्या दशकात सापडलेल्या इ. स. पू. आठव्या शतकाच्या सुमारच्या लेखांत परमेश्वराच्या नावाबरोबर ‘अशेरा’ हा शब्द येतो. अशेरा म्हणजे देवी की तिचे प्रतीक, यावर विद्वानांत मतभेद आहेत. घरोघरी चालणारी उपासना आणि राजधानीतील आज्ञा यांत अंतर होते, एवढे मात्र त्यावरून दिसते.

आता पुन्हा सह्याद्रीकडे.

ही आज्ञा शब्दशः अमलात आणणारे ख्रिस्ती राज्यकर्ते मराठी मुलखाने आधी पाहिले होते. गोव्यात पोर्तुगिजांनी १५४० मध्ये तिसवाडीतील आणि १५६० च्या दशकात साष्टी व बारदेशातील देवळे पाडली. केळोशीची शांतादुर्गा आणि कुशस्थळीचा मंगेश भक्तांनी रातोरात नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात नेले. तो मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशहाकडे होता. मूर्तिपूजा ज्याच्या धर्मालाही मान्य नव्हती, अशा सुलतानाच्या हद्दीत त्या मूर्ती सुरक्षित राहिल्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे. पुढे अठराव्या शतकात कवळ्याचे शांतादुर्गेचे आजचे मंदिर उभे राहिले ते साताऱ्याच्या छत्रपती शाहूंच्या आश्रयाने; त्यांचे मंत्री नारो राम यांचा त्यात पुढाकार होता. साताऱ्याच्या गादीचे देवस्थानांशी असलेले नाते असे स्वतःच्या सीमेपलीकडे पोहोचलेले होते.

१८१८ चा एल्फिन्स्टन हे सारे जाणून होता. पेशवाई बुडवताना लोकांची श्रद्धा दुखावली तर जिंकलेला मुलूख हातात राहणार नाही, असा त्याचा सरळ हिशेब होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रतापसिंह छत्रपतींना साताऱ्यात गादीवर बसवण्यात आले आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांचे राज्य निश्चित झाले. ग्रँट डफ हा तेथे कंपनीचा प्रतिनिधी होता. दक्षिणेला सांगलीत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन होते. गणपती हे पटवर्धनांचे कुलदैवत; सांगलीचे गणपती मंदिर चिंतामणरावांनीच बांधवले. १८४६ मध्ये कंपनीने त्यांच्या निष्ठेचा गौरव म्हणून त्यांना तलवार दिली. गणपतीच्या या निस्सीम उपासकाला ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या कंपनीने तलवार नजर करावी, यात तेव्हाच्या कोणत्याही अधिकाऱ्याला विसंगती वाटली असेल असे दिसत नाही.

विसंगती दिसत होती ती लंडनमध्ये. कंपनीचे एक भागधारक जॉन पॉइंडर हे १८३० पासून भागधारकांच्या सभेत उभे राहून एकच प्रश्न विचारत: जगन्नाथपुरीच्या यात्रेकरूंवर कर बसवून, देवळांचा कारभार पाहून, उत्सवांना पैसा पुरवून आपण कोणत्या देवाची सेवा करत आहोत? २० फेब्रुवारी १८३३ रोजी लंडनहून खलिता निघाला. देवळांच्या व्यवस्थेतून सरकारी अधिकाऱ्यांनी अंग काढून घ्यावे आणि यात्राकर बंद करावेत, असा त्याचा मथितार्थ. हिंदुस्थानातील अधिकाऱ्यांनी तो वर्षानुवर्षे थंड बस्त्यात ठेवला. उत्सवात तोफांची सलामी देणे, मिरवणुकीला सैनिक पाठवणे चालूच राहिले. अखेर १८३८ मध्ये मद्रासच्या फौजेचे सरसेनापती सर पेरेग्रिन मेटलंड यांनी याच कारणावरून राजीनामा दिला. स्वतःच्या श्रद्धेसाठी एवढे मोठे पद सोडणारा अधिकारी त्या काळी विरळाच, आणि या राजीनाम्याने विलायतेत जी खळबळ माजली ती पॉइंडर यांच्या साऱ्या भाषणांनी माजली नव्हती. अलाहाबाद, गया आणि जगन्नाथपुरी येथील यात्राकर १८४० च्या कायद्याने उठला.

मुंबई इलाख्यात वादाची भाषा मराठी होती. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३१ मध्ये मुंबईत मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद केला आणि पाठोपाठ हिंदू धर्मावर टीकाग्रंथ लिहिला. त्याला साताऱ्याच्या नारायणराव नावाच्या गृहस्थाने उत्तर दिले. ते विल्सन यांना इतके दखलपात्र वाटले की १८३४ मध्ये त्यांनी दुसरा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच साताऱ्याच्या नारायणरावाचे नाव घातले. प्रतापसिंहांच्या साताऱ्यात, रेसिडेंटच्या नजरेखाली, मिशनऱ्याला लेखी प्रत्युत्तर देणारा माणूस होता, ही नोंद छोटी असली तरी मोलाची आहे.

भाषांतराची अडचणही येथेच सांगायला हवी. अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये मराठी नवा करार छापला. संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये पुरे झाले. या कामात गुंतलेले रेव्ह. ॲलन ग्रेव्ह्ज प्रकृतीमुळे महाबळेश्वरी राहत, म्हणजे साताऱ्याच्या राजाने १८२९ च्या सुमारास अदलाबदलीत दिलेल्या डोंगरावर. निषिद्ध वस्तूसाठी मराठीत शब्द निवडला गेला तो ‘मूर्ती’. इंग्रजीत त्या जागी असलेला शब्द ऐकताच तिरस्कार जागा होतो. मराठी कानाला ‘मूर्ती’ हा शब्द मंगल आहे. प्राणप्रतिष्ठा तिचीच होते, एखाद्या सज्जनाचे कौतुकही ‘सात्त्विकतेची मूर्ती’ असेच होते. आज्ञा मराठीत आली खरी, पण तिची धार शब्दातच बोथट झाली. बाजारात उभ्या राहून प्रवचन करणाऱ्या मिशनऱ्याला त्यामुळे आधी आपण नेमके कशाच्या विरुद्ध बोलत आहोत हे समजावावे लागे.

१८४७ मध्ये अहाब आणि मनश्शे मराठीत आले. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १८४८ रोजी, साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब निधन पावले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचा खालसा धोरणाला विरोध होता, रेसिडेंट बार्टल फ्रियर यांनीही प्रतिकूल मत दिले होते. तरी डलहौसीने राज्य खालसा केले. त्याच १८४८ मध्ये तासगावची पटवर्धन जहागीर वारसाअभावी कंपनीकडे आली.

यानंतरची परिस्थिती बायबलच्या चौकटीत ठेवून पाहिली तर तिची गंमत कळते. आतापर्यंत साताऱ्याच्या देवस्थानांचा आश्रयदाता छत्रपती होता आणि कंपनी त्याची केवळ पाठीराखी होती. आता मध्ये कोणी उरले नाही. देवस्थानांची इनामे आणि नेमणुका ज्या खजिन्याशी बांधलेल्या होत्या, तो खजिनाच ख्रिस्ती सरकारचा झाला. तासगावचा गणपती घ्या. परशुरामभाऊ पटवर्धनांनी सुरू केलेले, १७९९ मध्ये पूर्ण झालेले, दक्षिणी पद्धतीचे उंच गोपूर असलेले हे मंदिर. ऋषिपंचमीला दोर ओढून चालवला जाणारा त्याचा रथ. जहागीर गेली, रथ चालू राहिला. १८४९ च्या सुमारास अमेरिकन मिशनने साताऱ्यात आपले केंद्र उघडले. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच सरकारच्या छायेत, मिशनरी दुसरी आज्ञा सांगत होते आणि मामलेदार कचेरीत देवस्थानांच्या सनदा तपासल्या जात होत्या.

त्या सनदा तपासणाऱ्या इनाम कमिशनला १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळाले. खासगी इनामांवर तिने निर्दयपणे कात्री चालवली. दक्षिण महाराष्ट्रातील असंतोषाचे ते एक मोठे कारण. देवस्थान इनामे मात्र वेगळ्या वर्गात धरली गेली आणि त्यांना अधिक सांभाळून घेतले गेले. १८१८ चे वचन सरदारांच्या बाबतीत जितके सैल झाले, तितके देवांच्या बाबतीत झाले नाही. यामागे भक्ती नव्हती, भीतीही पूर्ण नव्हती. मूर्तीला हात न लावता, तिच्यापुढे न नमता, फक्त जुना शब्द पाळायचा, अशी वाट अधिकारी शोधत होते. यराबामाने वासरे स्वतः घडवली होती. आम्ही दुसऱ्याने घडवलेली केवळ राहू देत आहोत, असा बचाव त्यांना करता येत होता. कडव्या धार्मिकांना तो पटणे शक्य नव्हते. ‘राजे’ पुस्तकात उंच स्थाने पाडली नाहीत म्हणून एरवीच्या चांगल्या राजांनाही दोष लागलेला आहे, हे त्यांना पाठ होते.

१८५७ ने हा वाद टोकाला नेला. साताऱ्याच्या गादीसाठी लंडनमध्ये वर्षानुवर्षे झगडून रिकाम्या हाताने परतलेल्या रंगो बापूजी गुप्ते यांचा कट उघडकीस आला. रंगो बापूजी निसटले ते पुन्हा कधी सापडले नाहीत. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात गेंडामाळावर १७ जणांना देहदंड देण्यात आला. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. बरोबर एक महिनाही लोटला नव्हता तोच, ७ ऑक्टोबरला, इंग्लंडमध्ये राष्ट्रीय उपवासाचा व प्रायश्चित्ताचा दिवस पाळला गेला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन यांच्या प्रवचनाला २३ हजारांहून अधिक लोक होते. देशभरच्या अनेक प्रवचनांचा एक सूर असा होता की हे बंड ही परमेश्वराची शिक्षा आहे आणि हिंदुस्थानातील मूर्तिपूजेला आपल्या सरकारने पाठीशी घातले, हे तिचे एक कारण.

गेंडामाळावर मेलेल्यांची तक्रार सरकारने देव सांभाळले ही नव्हती. गादी बुडवली, दत्तक नाकारला, ही होती. साताऱ्याला दिलेला शब्द मोडला म्हणून जे पेटले, ते साताऱ्याला दिलेला दुसरा शब्द पाळला म्हणून पेटले, असा अर्थ हजारो मैलांवरच्या व्यासपीठांवरून लावला गेला. मनश्शेचे पाप दाखवून यरुशलेमचा पाडाव समजावणाऱ्या इतिहासलेखनाची ती एकोणिसाव्या शतकातली आवृत्ती होती. कर्कर येथील लढाई जशी त्या ग्रंथातून गळली, तसा साताऱ्याचा दत्तकविधी या प्रवचनांतून गळला.

सरकारने दोन्ही टोके टाळली. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती धर्मावरील आपला विश्वास सांगून, तो प्रजेवर लादण्याचा हक्क आणि इच्छा दोन्ही नाकारली गेली. १८६३ च्या विसाव्या कायद्याने बंगाल आणि मद्रास प्रांतांतील जुने नियम रद्द करून मंदिर-मशिदींची व्यवस्था पंच व समित्यांकडे सोपवली. सरकारचा हात निघाला, देणग्या राहिल्या.

साताऱ्यापासून तासगाव पुढे १९४९ मध्ये वेगळे झाले, दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने वैयक्तिक इनामे कायद्याने रद्द केली, तेव्हा देवस्थान इनामे त्यातून वगळली गेली. आजही या दोन्ही जिल्ह्यांतल्या अनेक गावांत देवस्थान जमिनीचा सातबारा काढला तर त्यावर ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ अशी नोंद आढळते आणि खातेदाराच्या जागी आधी देवाचे नाव असते, त्याखाली वहिवाटदाराचे.